शिफारसपत्र : वशिला नव्हे, साक्ष

परदेशी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याकडून गुणपत्रकाबरोबर सामान्यतः दोन किंवा तीन शिफारसपत्रे मागितली जातात. आपल्याकडे ‘शिफारस’ या शब्दाला वशिल्याचा वास चिकटलेला आहे. त्यामुळे सरपंच, आमदार वा एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याची सही मिळविण्यासाठी पालकांची धावपळ सुरू होते. ती बहुधा व्यर्थ ठरते. विद्यापीठाला लिहिणाऱ्याचे पद नको असते. विद्यार्थ्याचे काम ज्याने जवळून पाहिले, त्याची साक्ष हवी असते.

या प्रथेचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याचे आहे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. कोलंबियातील त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडनचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले. शिकविणाऱ्याने दिलेली ती साक्ष होती.

पत्रात काय असावे?

‘विद्यार्थी हुशार, होतकरू व सुस्वभावी आहे’ हे वाक्य कोणालाही लागू पडते. म्हणून ते कोणाच्याच उपयोगी पडत नाही. विद्यार्थ्याने कोणता प्रकल्प केला, कोठे अडला, त्यातून मार्ग कसा काढला, वर्गात त्याचे स्थान काय, हे पत्रात यावे. शेतीची कामे सांभाळून किंवा अपुऱ्या प्रयोगशाळेत त्याने शिक्षण घेतले असेल, तर ती परिस्थिती परक्या वाचकाला शिक्षकच विश्वासाने सांगू शकतो.

विद्यार्थ्यानेच मसुदा लिहावा आणि शिक्षकाने सही करावी, ही पद्धत सोडली पाहिजे. तिन्ही पत्रांची भाषा एकच निघाली, की अर्जावरील विश्वासच उडतो. त्याऐवजी विद्यार्थ्याने किमान महिनाभर आधी गुणपत्रके, केलेल्या कामाचे टिपण, अभ्यासक्रमाचे नाव व अंतिम मुदत शिक्षकाच्या हाती द्यावी.

पत्र आता बहुधा शिक्षकाने स्वतः संगणकाद्वारे थेट विद्यापीठाकडे पाठवायचे असते. अनेक विद्यापीठे त्यासाठी महाविद्यालयाच्या नावाचा ई-मेल पत्ता मागतात. प्राचार्यांनी प्रत्येक अध्यापकास तो उपलब्ध करून द्यावा.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनेचा लाभ घेण्यासाठी आधी विद्यापीठाचा प्रवेश हाती असावा लागतो. गुणवत्ता असूनही कोऱ्या, मोघम पत्रापायी तो हुकला, तर शिष्यवृत्तीचे दारही बंद होते. शिक्षकाने मन लावून लिहिलेले एक पान म्हणूनच मोलाचे आहे.