दुसऱ्यांदा वयात येताना

आठवी-नववीतले दिवस आठवतायत? आवाज फुटायला लागलेला, तोंडभर पिंपल्स, मूडचा तर पत्ताच नाही. आता हेच सगळं विशीत, सबमिशन आणि व्हायव्हाच्या धामधुमीत पुन्हा होतंय अशी कल्पना करा. हार्मोन थेरपी सुरू केलेला तुमचा ट्रान्स मित्र किंवा मैत्रीण साधारण याच टप्प्यातून जात असते. फरक एवढाच, की पहिल्या वेळी परकं वाटलेलं शरीर आता हळूहळू आपलं वाटू लागतं.

‘हळूहळू’ हा शब्द महत्त्वाचा. एक इंजेक्शन घेतलं आणि झालं, असं नसतं. ट्रान्स मुलगे टेस्टोस्टेरॉन घेतात. काही महिन्यांत पाळी थांबते, आवाज जाड होत जातो; भरघोस दाढी यायला मात्र काही वर्षं लागतात. ट्रान्स मुलींना इस्ट्रोजेन आणि बहुतेकदा टेस्टोस्टेरॉन दाबणारं औषध देतात. त्वचा मऊ होते, ३ ते ६ महिन्यांत छातीची वाढ सुरू होते आणि ती २-३ वर्षं चालते. पण एकदा फुटलेला आवाज गोळ्यांनी बारीक होत नाही, दाढीही जात नाही. त्यासाठी व्हॉइस ट्रेनिंग आणि लेझरच्या फेऱ्या आल्याच.

आता खरा काळजीचा मुद्दा. घरी बोलायची सोय नाही, डॉक्टरांची फी परवडत नाही, म्हणून काही जणी मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणतात आणि मनानेच डोस वाढवतात. हा शॉर्टकट जिवावर बेतू शकतो. यातल्या बऱ्याच गोळ्यांत इथिनिल इस्ट्रॅडिऑल असतं. त्यानं रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, सिगारेट ओढणाऱ्यांना तर जास्तच. मुलांनी जिममधल्या कुणाकडून टेस्टोस्टेरॉन घेणंही तितकंच घातक. डोस चुकला तर रक्त घट्ट होतं.

सुरुवात करायची ती एंडोक्रायनोलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे. लिव्हर, साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, हार्मोन्सची पातळी हे सगळं आधी तपासतात. पहिल्या वर्षी साधारण दर ३ महिन्यांनी पुन्हा तपासणी असते. पुढे मूल हवं असेल तर त्याबद्दलही आधीच विचारून घ्या, कारण प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो. समुपदेशकाकडे पाठवलं तर ‘मला वेडं ठरवतायत’ असं समजू नका. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ यादीत हा मानसिक आजार नाही.

आणि सगळ्याच ट्रान्स व्यक्ती हार्मोन्स घेतात असंही नाही. कुणाला नको असतात, कुणाला तब्येतीमुळे चालत नाहीत. त्यामुळे ‘ऑपरेशन झालं का?’ हा प्रश्न कॅन्टीनमध्ये तर नकोच, इतर कुठेही नको. त्याऐवजी ‘कोणत्या नावानं हाक मारू?’ एवढं विचारा. ब्लड टेस्टला सोबत जा, बुडालेल्या लेक्चरच्या नोट्स द्या.

एक गोष्ट मात्र पाठच करा. हार्मोन्स घेणाऱ्या मैत्रिणीचा एकच पाय अचानक सुजला, दुखायला लागला, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर उद्यावर ढकलू नका. थेट हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा आणि ती काय घेतेय ते डॉक्टरांना न लपवता सांगा.