बांधावरच्या लाकडाचे सजावटीचे स्टँड : आत्ता वाळत घाला, महालक्ष्म्यांना वापरा

दिवाळी झाली. रानात ज्वारी, हरभऱ्याची पेरणी उरकत आली आहे. बांधावरची वाळलेली बाभळ, वादळात मोडलेली कडुनिंबाची फांदी जळणासाठी तोडायचे हेच दिवस. मंडळी, ते सगळं लाकूड चुलीत घालू नका. त्यातल्या चार-दोन चांगल्या ओंडक्यांतून घरच्या कार्यक्रमाला लागणारे सजावटीचे स्टँड होतात. मात्र त्याची सुरुवात आत्ताच करावी लागते. का, ते खाली सांगतो.

आजकाल डोहाळजेवण असो, बारसं असो, पोराचा वाढदिवस असो, मागे पडदा, पुढे टेबल आणि टेबलावर सालीसकट गोल लाकडी चकत्यांचे स्टँड असतात. एकावर एक अशा दोन-तीन चकत्या. वर केक, मधे लाडू, खाली फुलं. शहरात याला चांगली किंमत मोजतात. आपल्याकडे मराठवाड्यात तर महालक्ष्म्यांपुढे फराळ मांडायला पायऱ्या लागतातच. पूर्वी पाट, चौरंग, उलटे डबे ठेवून वर साडी अंथरायचे. काम तेच, फक्त आता लाकूड उघडं ठेवायची पद्धत आली.

माझी फजिती

गेल्या वर्षी मीही मोबाईलवर व्हिडिओ बघितला आणि महालक्ष्म्यांच्या पंधरा दिवस आधी पडलेल्या ओल्या बाभळीच्या चकत्या कापल्या. घासल्या, वरून वार्निश मारलं, मधे दांडा ठोकला. दिसायला एक नंबर. वहिनींनी त्यावर करंज्या, लाडू, शंकरपाळी मांडली. सजावटीच्या फोकसची ऊब दोन दिवस लागली आणि ऐन हळदीकुंकवाला वरची चकती बोटभर उलली. दांडा ढिला झाला, ताट घसरलं आणि बायांच्या पुढ्यात लाडू घरंगळले. वहिनी काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्या सुतारमामांकडे चकती घेऊन गेलो. त्यांनी ती हातात घेऊन नुसती तोलली आणि म्हणाले, "लेका, हे लाकूड नाही, हे अजून झाड आहे." त्या एका वाक्यात सगळा धडा होता. स्टँड करवतीने किंवा रंगाने होत नाही, वाळवण्याने होतो.

चकती का उलते?

ओल्या लाकडात पाणी भरपूर असतं. ते निघून गेलं की लाकूड आकसतं. पण सगळ्या बाजूंनी सारखं नाही. लांबीत ते जवळजवळ आकसतच नाही. गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने थोडं आकसतं. आणि गोल घेरात त्याच्या साधारण दुप्पट आकसतं. म्हणजे घेर कमी व्हायला बघतो, पण आतलं लाकूड तेवढं आत सरकत नाही. मग ताण येतो आणि चकती सालीपासून गाभ्यापर्यंत फाटते. वैशाखात काळ्या रानाला भेगा पडतात, तोच प्रकार.

त्यात चकतीच्या दोन्ही तोंडांना झाडाच्या नळ्या उघड्या असतात, त्यामुळे पाणी भरकन निघतं. कडक उन्हात ठेवली तर वरचा थर वाळतो, आत ओल राहते आणि दोन दिवसांत चिरा दिसतात. म्हणून वाळवायचं ते हळूहळू आणि सावलीत.

कोणतं लाकूड घ्यावं?

बाभूळ जड आणि मजबूत. औतं, बैलगाड्या तिच्याच व्हायच्या. आतलं तांबूस लाकूड टिकतं, बाहेरच्या पांढऱ्या भागाला भुंगा लवकर लागतो. कडुनिंब घासायला बरा. सुबाभूळही चालते. निलगिरीला चिरा फार पडतात, नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. कण्हेर विषारी आहे, खाण्याच्या वस्तूंजवळ तिचं लाकूड अजिबात नको.

यासाठी उभं, जितं झाड पाडू नका. वाळलेलं, पडलेलं, छाटणीतलं लाकूड पुष्कळ असतं. शिवाय कायदाही आहे. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यात आंबा, चिंच, मोह, सागवान, चंदन, खैर, फणस, जांभूळ, हिरडा अशी झाडं यादीत आहेत. ती स्वतःच्या रानात असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. रस्त्याकडेची, गायरानातली, वनखात्याची झाडं आपली नाहीतच. आणि कोणतंही लाकूड गाडीत घालून गावाबाहेर न्यायचं असेल तर परवाना लागतो का, हे आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा.

काही जण कंपन्यांतून भंगारात आलेल्या पॅलेटच्या फळ्या वापरतात. परदेशातून माल घेऊन आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो. त्यात इंग्रजीत 'एच टी' अशी अक्षरं असतील तर ते लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं असतं. आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान, सलग ३० मिनिटं, असा त्याचा नियम आहे. 'एम बी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते घेऊ नका. तेलाचे, औषधाचे डाग पडलेली फळीही नको. जुन्या दारा-चौकटीच्या रंगात शिसं असू शकतं. तो रंग घरात, पोराबाळांजवळ घासून उडवू नका.

कापणी आणि वाळवण

१) एक फूट, नऊ इंच आणि सहा इंच अशा तीन जाडीचे ओंडके निवडा. गाठी आणि आधीच्या चिरा असलेला भाग टाका.

२) चकती दीड ते दोन इंच जाड ठेवा. पातळ चकती वाकते. सरळ आडवं कापण्यापेक्षा थोडं तिरकं कापलं तर चकती लांबट गोल होते आणि उलण्याचं प्रमाण कमी होतं.

३) कापायला हातकरवत वापरा, नाहीतर आरामशीनवर न्या. ग्राइंडरला लाकडाचं पातं लावून ओंडका कापू नका. पातं अडकलं की मशीन झटका देऊन अंगावर येतं. हौसेपायी बोटं घालवू नका.

४) पहिले तीन-चार आठवडे चकत्या कोरड्या पोत्यात सैल गुंडाळून, घरातच वारा कमी लागेल अशा जागी उभ्या ठेवा. पोतं दमट झालं की बदला. प्लॅस्टिकमध्ये बांधू नका, बुरशी येते.

५) नंतर पोतं काढा. सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी चकत्या कडेवर उभ्या करा. दोन चकत्यांत चार बोटं अंतर ठेवा. भिंतीला किंवा जमिनीला सपाट चिकटवू नका, एक बाजू वाळते, दुसरी ओली राहते आणि चकती वाटीसारखी वाकते.

६) वाळली की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. वजन करा. प्रत्येक चकतीवर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहा आणि दर रविवारी पुन्हा तोला. माझी फूटभर रुंदीची बाभळीची चकती कापली तेव्हा तीन किलोच्या वर भरली होती, वाळल्यावर सव्वादोन किलोवर आली. सलग तीन आठवडे वजन तेच राहिलं की लाकूड तयार. आपल्या कोरड्या हवेत याला चार-पाच महिने लागतात.

म्हणूनच आत्ता सुरू करा म्हणतो. कार्तिकात कापलं की चैत्र-वैशाखापर्यंत वाळतं. पावसाळ्यात कापलेलं लाकूड हवेतल्या दमटपणामुळे धड वाळत नाही आणि बुरशी धरतं.

एवढं करूनही काही चकत्या उलणारच. दहा कापल्या तर सहा-सात हाती लागतात हे धरून चाला. बारीक चीर पडली तर बिघडत नाही, तिनेही शोभा येते. सालीपासून गाभ्यापर्यंत आरपार गेलेली चकती मात्र चुलीत घाला.

साल आणि भुंगा

साल ठेवली तर रूप खुलतं, पण कीड सालीखालीच लपते. चकती वाळल्यावर साल हाताने हलवून बघा. ढिली असेल तर सगळी सोलून काढा. घट्ट असेल तर तारेच्या ब्रशने साफ करून ठेवा. स्टँडखाली रोज मैद्यासारखी पांढरी भुकटी पडत असेल आणि लाकडाला टाचणीएवढी भोकं दिसत असतील तर भुंगा लागला आहे. ती चकती घरातल्या दारा-पलंगांपासून लगेच लांब न्या. आपली जुनी माणसं कापलेली लाकडं, बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवायची. त्याने लाकडातलं सत्त्व पाण्यात उतरतं आणि भुंग्याला खायला कमी राहतं. ओढ्याला किंवा शेततळ्याला पाणी असेल तर कापण्याआधी ओंडका तसा बुडवता येईल. वाळवायचे महिने त्यानंतर मोजायचे.

जोडणी

खाली फूटभराची, मधे नऊ इंची आणि वर सहा इंची चकती. दोन चकत्यांत पाच-सहा इंच अंतर. मधला दांडा मनगटाएवढा जाड घ्या आणि दोन्ही टोकं गुण्या लावून काटकोनात कापा. टोक तिरकं राहिलं की सगळा स्टँड तिरका होतो.

चकतीला कडेने चार खिळे ठोकू नका. वाळलेलं लाकूडसुद्धा पावसाळ्यात थोडं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. कडेला जखडून ठेवलं की पुन्हा उलतं. म्हणून मध्यभागी, एकमेकांजवळ दोन स्क्रू आणि लाकडाचा डिंक एवढंच. स्क्रूआधी ड्रिलने बारीक भोक पाडा, बाभळीत थेट स्क्रू पिळला तर लाकूड फाटतं.

खाली पाय तीनच लावा. सारवलेली जमीन असो की मांडवातली सतरंजी, तिपाई डुगडुगत नाही. चार पायांपैकी एक कायम अधांतरी राहतो. पण तीन पायांचा स्टँड कलंडू नये म्हणून पाय चकतीच्या कडेजवळ, सारख्या अंतरावर लावा.

शेवटी परीक्षा. दोन लिटर पाण्याची भरलेली बाटली वरच्या चकतीच्या अगदी कडेला ठेवा. स्टँड हलला तर खालची चकती मोठी घ्या किंवा उंची कमी करा. जड वस्तू नेहमी खाली मांडा. केक दोन किलोच्या वर असेल तर तीन मजल्यांचा नाद सोडा, त्याला एकच रुंद चकती पुरे.

तेल कोणतं लावावं?

आधी जाड, मग बारीक पॉलिशपेपरने घासा. तोंडाला रुमाल बांधा. खाण्याच्या वस्तू ठेवायच्या असतील तर वार्निशऐवजी कच्चं जवसाचं तेल लावा. ते हवेत सुकून लाकडावर थर धरतं. शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल यांची तेलं तशी सुकत नाहीत, चिकट राहतात आणि खवट वास मारतात. रंगाच्या दुकानात मिळणारं 'बॉईल्ड' जवस तेल वेगळं. ते लवकर सुकावं म्हणून त्यात रसायनं घालतात, ते खाण्याच्या स्टँडला नको.

जवसाचा पातळ हात द्या, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून घ्या, आठवडाभर सुकू द्या. असे दोन-तीन हात. म्हणजे कार्यक्रमाच्या महिनाभर आधी हे काम उरकलं पाहिजे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. जवस तेल पुसलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ते तेल तापतं आणि चिंध्यांच्या ढिगाला आपोआप आग लागू शकते. चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून टाका. कडबा, कापूस भरलेल्या घरात ही चूक महागात पडेल.

लाडू-करंज्या थेट लाकडावर ठेवण्यापेक्षा खाली केळीचं पान किंवा छोटं ताट घ्या. पणती, मेणबत्ती लावायची असेल तर खाली पितळी ताटली हवीच. कार्यक्रम झाला की स्टँड पाण्यात बुडवून धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसून सावलीत उभा ठेवा.

विकायचा विचार असेल तर

मला एका स्टँडला स्क्रू, डिंक, पॉलिशपेपर आणि तेल मिळून दोनशे-अडीचशे रुपये खर्च आला. पण घासणं, जोडणं, तेल लावणं यात मिळून दीड दिवस गेला. ती मजुरी धरा, उललेल्या चकत्याही धरा, मगच किंमत सांगा. बचत गटाच्या बायांनी किंवा मांडववाल्यांनी पाच-सहा स्टँड करून भाड्याने दिले तर एकच वस्तू वर्षभर चालते. पण ओल्या लाकडाचा माल कोणाला देऊ नका. भर कार्यक्रमात एक स्टँड उलला की ती गोष्ट दहा गावांत जाते. माझी गेलीच आहे.

मागच्या कार्तिकात कापलेल्या चकत्यांचा स्टँड यंदा महालक्ष्म्यांपुढे ठेवला होता. तिन्ही दिवस फोकस होता, फराळ होता, काही हललं नाही. वहिनींनी आता पुढच्या वर्षासाठी दोन सांगितलेत. परवाच बांधावरची वाळकी बाभळ उतरवली. चकत्या पोत्यात घालून माळवदाच्या खोलीत ठेवल्यात, वर तारीख आणि वजन लिहून.