विदूषक-मंडळांचा नाताळ

डिसेंबर उजाडला की अमेरिकेतील लहानसहान शहरांच्या मुख्य रस्त्यांवरून नाताळच्या मिरवणुका निघू लागतात. शाळांची वाद्यपथके, अग्निशामक दलाचे लाल बंब, सजविलेले चित्ररथ आणि सर्वांच्या शेवटी सांताक्लॉजची स्वारी, असा या मिरवणुकांचा ठरलेला थाट असतो. या थाटात पुष्कळदा विदूषकांचाही एक घोळका दिसतो. पायांत अवाढव्य जोडे, नाकावर तांबडा गोळा, अंगात ढगळ कपडे. आणि चालण्याची तऱ्हा अशी की, शिस्तीत चाललेल्या साऱ्या मिरवणुकीची ती नकळत थट्टाच व्हावी! प्रेक्षकांना वाटावे, ही माणसे एखाद्या सर्कशीतून आली असतील. वस्तुतः त्यांतील बहुतेकांचा सर्कशीच्या तंबूशी कधी संबंध आलेला नसतो. निवृत्त शिक्षिका, दुकानदार, कारखान्यातील कामगार, गृहिणी अशी ही साधी माणसे असतात. गावातील विदूषक-मंडळाचे सभासद, एवढीच त्यांची या क्षेत्रातील पदवी.

विदूषकांचे मंडळ ही कल्पना मराठी वाचकाला प्रथमदर्शनी विनोदीच वाटेल. भजनी मंडळ असावे, नाट्य मंडळ असावे. पण विदूषकांनी मासिक सभा घ्यावी, वर्गणी गोळा करावी आणि इतिवृत्त लिहावे, हे म्हणजे प्रहसनातीलच दृश्य! तथापि अमेरिकेत ही संस्था चांगली रुजलेली आहे. या स्थानिक मंडळांना तेथे ‘ॲली’, म्हणजे गल्ली, म्हणतात. सर्कशीत विदूषक जेथे रंगभूषा करीत आणि आपले सामान ठेवीत, त्या जागेचे हे नाव. सर्कशी ओसरल्या, तरी नाव मागे राहिले. विदूषकांची जागतिक संघटना १९८०च्या दशकात आकाराला आली. त्यापूर्वीच, १९७१ मध्ये, अध्यक्ष निक्सन यांनी ऑगस्टचा पहिला आठवडा विदूषकांचा सप्ताह म्हणून घोषित केला होता. नवख्याने पांढऱ्या चेहऱ्याचा विदूषक व्हावे, तांबूस चेहऱ्याचा वेंधळा ‘ऑगस्ट’ व्हावे की फाटक्या कोटातला भटक्या, याची चर्चा या मंडळांत गांभीर्याने होते. सर्कशीच्या धंदेवाईक विदूषकांचे शिक्षण देणारे रिंगलिंग सर्कशीचे प्रसिद्ध विद्यालय १९६८ मध्ये सुरू झाले आणि १९९७ मध्ये बंद पडले. त्यानंतर ही विद्या हातोहात पुढे देण्याचा बराचसा भार अशा हौशी मंडळांवरच येऊन पडला.

विदूषकाचे नाताळाशी असलेले नाते मात्र अमेरिकेहून जुने, इंग्लंडमधले आहे. लंडनच्या रंगभूमीवर नाताळच्या सुटीत मूकाभिनय आणि संगीत यांची मिश्र प्रहसने करण्याची प्रथा होती. १८०६ च्या डिसेंबरअखेरीस कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात रंगलेल्या ‘मदर गूज’च्या खेळाने जोसेफ ग्रिमाल्डी या नटाची कीर्ती शिगेला पोहोचली. विदूषकाच्या पांढऱ्या चेहऱ्याला आजचे रूप मुख्यतः त्याने दिले. त्याच्या ‘जोई’ या लाडक्या नावाने पुढे इंग्रज विदूषक ओळखले जाऊ लागले. पण या कीर्तीची किंमत त्याच्या शरीराने मोजली. उड्या आणि कोलांट्या यांनी सांधे निकामी झालेल्या ग्रिमाल्डीने १८२८ मध्ये खुर्चीवर बसूनच प्रेक्षकांचा निरोप घेतला. त्याच्या स्मरणार्थ लंडनच्या चर्चमध्ये फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी प्रार्थना करण्याचा प्रघात १९४०च्या दशकात पडला. तिला विदूषक संपूर्ण वेषात उपस्थित राहतात. प्रत्येक विदूषकाचा चेहरा अंड्याच्या कवचावर रंगवून जपून ठेवण्याची अनोखी नोंदवहीही त्याच सुमारास तेथे सुरू झाली. एकाने दुसऱ्याचा चेहरा चोरू नये, हा तिच्यामागील अलिखित दंडक. रंगविलेला चेहरा हे मुखवट्याचे सोंग नसून ती माणसाची सही आहे, असा त्याचा अर्थ होतो.

या सहीचे मोल नाताळच्या दिवसांत विशेष कळते. मिरवणूक हा या मंडळांच्या कामाचा केवळ दर्शनी भाग. तिच्या मागेपुढे वृद्धाश्रमांतील भेटी असतात, गरजू मुलांसाठी खेळणी जमविण्याचे उपक्रम असतात, रुग्णालयांच्या बालविभागांतील फेऱ्या असतात. सणाच्या दिवसांत सारे जग आपापल्या घरी परतते. आणि ज्यांना परतायला घर नाही, किंवा असूनही जाता येत नाही, अशांचा एकटेपणा नेमका त्याच दिवसांत दुणावतो. अशा माणसाच्या खाटेपाशी फुग्याचा कुत्रा करीत बसणारा विदूषक त्याचे दुःख दूर करतो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तो घटकाभर सोबत करतो, इतकेच. पण हे ‘इतकेच’ करायला फारसे कोणी येत नाही, हेही तितकेच खरे.

या सोबतीला एक अट असते. अनोळखी, रंगविलेल्या चेहऱ्याच्या माणसाला मुलांच्या जवळ जाऊ द्यायचे, तर त्याच्यावर विश्वास हवा. या विश्वासाला सर्वांत मोठा तडा गेला तोही नाताळच्याच तोंडावर. २१ डिसेंबर १९७८ रोजी शिकागोजवळ जॉन वेन गेसी या ठेकेदाराला अटक झाली. पुढे तेहतीस तरुण आणि मुलांच्या हत्यांबद्दल तो दोषी ठरला. हा मनुष्य स्थानिक विदूषक-मंडळाचा सभासद होता आणि मुलांच्या समारंभांत, धर्मादाय कार्यक्रमांत विदूषक बनून हजेरी लावीत असे. त्याने खून केले ते त्या वेषात नव्हेत. पण लोकांच्या मनात राहिला तो वेषच. १९८६ च्या स्टीफन किंगच्या कादंबरीने आणि नंतरच्या चित्रपटांनी त्या भीतीला खतपाणी घातले. २०१६ मध्ये अमेरिकेच्या अनेक राज्यांत भेसूर विदूषक दिसल्याच्या वार्ता व अफवा पसरल्या, तेव्हा झळ लागली ती वर्षानुवर्षे रुग्णालयांत जाणाऱ्या निरुपद्रवी हौशी माणसांना. २०१४ मध्येच जागतिक संघटनेच्या सभासदसंख्येत दहा वर्षांत मोठी घट झाल्याची बातमी आली होती.

यावर मंडळांची भूमिका काय? प्रमुख अमेरिकन संघटनेच्या आचारसंहितेत याचे उत्तर आधीपासूनच आहे. वेषात असताना मद्य घ्यायचे नाही, धूम्रपान करायचे नाही. खेळ अश्लाघ्य होऊ द्यायचा नाही. आणि काम संपताच शक्य तितक्या लवकर रंग पुसून साध्या कपड्यांत यायचे. विदूषकाच्या नावाला बट्टा लागेल अशा कोणत्याही प्रसंगाशी त्या वेषाचा संबंध येऊ नये, हा यातला हेतू. वेष एकाचा नाही, साऱ्या व्यवसायबंधूंचा आहे, ही जाणीव या नियमांच्या मुळाशी आहे.

तरीही नियमांनी सर्व प्रश्न सुटत नाहीत. शेफील्ड विद्यापीठाने २००८ मध्ये अडीचशेहून अधिक मुलांची मते अजमावली, तेव्हा रुग्णालयाच्या भिंतींवरील विदूषकांची चित्रे मुलांना आवडत नसल्याचे आढळले. उलट २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लॉरेन्स येथील एका अभ्यासात, शस्त्रक्रियेपूर्वी विदूषकांची सोबत मिळालेल्या मुलांची भीती कमी झाल्याचे दिसले. मात्र कामात अडथळा येतो म्हणून शस्त्रक्रियागृहातील अनेक कर्मचारी त्याला अनुकूल नव्हते. या दोन निष्कर्षांत विरोध दिसतो, तो वरवरचा. भिंतीवरचे चित्र मुलाची परवानगी मागत नाही. जाणता विदूषक दाराशी थांबून ती मागतो. मूल ‘नको’ म्हणाले तर त्याने परत फिरावे, अशी रुग्णालयीन विदूषकांची रीत आहे. औषध, सुई, तपासणी यांपैकी कशालाही नकार देण्याची सोय नसलेल्या मुलाला निदान एका माणसाला नकार देता येतो! कदाचित विदूषकाची खरी देणगी त्याच्या हास्यात नसून या नकाराच्या अधिकारात असेल.

महाराष्ट्राला विदूषक परका नाही. संस्कृत नाटकातील ‘मृच्छकटिका’चा मैत्रेय दरिद्री चारुदत्ताची साथ सोडीत नाही, तमाशातील सोंगाड्या राजालाही चार शब्द सुनावतो. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये पहिली भारतीय सर्कस उभारली, तेव्हापासून तंबूतला विदूषकही मराठी मुलांच्या ओळखीचा झाला. परंतु येथे विदूषकी हे बहुतांशी पोटासाठी पत्करलेले काम राहिले. सोंगाड्याला किंवा दारोदार फिरणाऱ्या बहुरूप्याला लोकांनी टाळ्या दिल्या, पण प्रतिष्ठा क्वचितच दिली. दुसऱ्याला हसविणे हे चारचौघांतल्या सुस्थित गृहस्थाने आपल्या फुरसतीत, पदरमोड करून आणि शिस्तीने करण्याजोगे काम आहे, ही कल्पनाच येथे फारशी रुजली नाही. दिवाळीत फराळाची पाकिटे घेऊन अनाथाश्रमात जाणाऱ्यांची येथे वाण नाही. पण देणारा उंचावर आणि घेणारा खाली, हे अंतर त्या पाकिटाने मिटत नाही. विदूषक ते मिटवितो. कारण तो आधी स्वतः पडतो, मग दुसऱ्याला हसवितो.

जानेवारी लागतो, मिरवणुकीचे रस्ते झाडून निघतात, आणि मंडळाचे सभासद चेहऱ्यावरचा रंग पुसून आपापल्या नोकरीधंद्याला लागतात. त्यांना कोणी ओळखत नाही. पांढऱ्या रंगाखालचा माणूस कोण होता, हे खाटेवरच्या आजीला किंवा मुलाला बहुधा कधीच कळत नाही. एका गुन्हेगाराने त्या रंगाचा उपयोग स्वतःला लपविण्यासाठी केला, हे खरे. पण दर डिसेंबरात त्याच रंगाआड स्वतःचे नाव लपवून दुसऱ्याच्या दाराशी परवानगीसाठी थांबणारी माणसेही आहेत. गमावलेला विश्वास भाषणांनी परत मिळत नसतो. तो अशा एकेका दाराशी, एकेका होकाराने मिळवावा लागतो.