जंतूंचे वैरी, जंतूंचे सोबती

पटकीची साथ येते, तशी ती ओसरतेही. ती का येते याचा शोध पुष्कळ झाला; ती का ओसरते, हा प्रश्न मात्र तितक्या आस्थेने विचारला गेला नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फेलिक्स देरेल यांनी १९१७ साली जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंचे वर्णन करून त्यांना ‘बॅक्टेरिओफाज’, म्हणजे जीवाणुभक्षक, हे नाव दिले. पुढे हिंदुस्थानात येऊन त्यांनी पटकीवर या विषाणूंचे प्रयोगही केले. पेनिसिलिनचा उदय झाला आणि पाश्चात्त्य वैद्यकाने ही वाट सोडली. जॉर्जियातील तिबिलिसीच्या संस्थेने मात्र ती जपली.

ढाक्याच्या जलाशयांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. पाण्यात भक्षक विषाणू विपुल असत, तेव्हा पटकीचे जंतू विरळ आढळत. साथ भरात येऊन गेली की विषाणूंचीही संख्या वाढे व साथ उतरणीला लागे. भक्ष्य वाढले की भक्षक वाढतो, हा अरण्याचा न्याय डबक्यातही चालतो.

परंतु एवढ्यावरून विषाणूंना मित्र म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. पटकीच्या जंतूतील विषाचे जनुक मुळात एका विषाणूनेच त्यात आणून सोडलेले असते, हे १९९६ साली सिद्ध झाले. एक विषाणू जंतूला मारतो, दुसरा त्याला मारक बनवतो! तेव्हा एकेकट्या जंतूचा नव्हे, तर त्यांच्या सबंध वसाहतीचा अभ्यास झाला पाहिजे.

येथे अर्थकारणाचा प्रश्न उभा राहतो. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. जीवाणुभक्षक विषाणू बहुधा ठराविक जातीच्याच जंतूंवर चालतो. निसर्गात सापडणाऱ्या अशा विषाणूवर एकस्व मिळवणेही कठीण. खासगी भांडवलाला त्यात नफा दिसत नाही, यात नवल नाही. ज्याचा लाभ सर्वांना, त्याचा खर्च कोणीच उचलत नाही. असे काम सार्वजनिक निधीतूनच व्हावयास हवे.

अर्थात, विषाणूंचे संशोधन म्हणजे स्वच्छ पाण्याला पर्याय नव्हे. साथ आपोआप ओसरते खरी. पण तोवर जी माणसे जातात, त्यांचा हिशेब निसर्ग ठेवत नाही. तो समाजालाच ठेवावा लागतो.