खिशातील रिअॅक्टर आणि कोकणची हवा

रोह्याहून कोलाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कुंडलिका नदीच्या काठी वसलेले धाटाव हे गाव महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीमुळे आणि तेथील रासायनिक कारखान्यांमुळे ओळखले जाते. रिअॅक्टरचे तापमान मर्यादेबाहेर जाऊ न देणे, पाण्याशी वाकडे असलेले रसायन कोरड्या जागी ठेवणे, ज्वालाग्राही द्रावकांच्या आसपास ठिणगी पडेल असे काहीही न करणे आणि दुर्घटनेची तालीम आधीच करून ठेवणे, ही तेथील कामाची रोजची शिस्त आहे. मात्र पाळीवर येणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात असा एक छोटा रासायनिक संच असतो, की ज्याला यांपैकी एकही नियम सहसा लावला जात नाही. स्मार्टफोन हे इलेक्ट्रॉनिक यंत्र असले, तरी ते किती वर्षे नीट चालेल हे बहुतेक वेळा बॅटरीतील रसायने, धातूचे क्षरण आणि हवेतील बाष्प ठरवतात. त्यामुळे फोन आणि संगणक जपण्याच्या ज्या युक्त्या तोंडोतोंडी फिरत असतात, त्यांतील कोणत्या खऱ्या आणि कोणत्या निव्वळ ऐकीव, याचा निवाडा रसायनशास्त्राच्या आधारे करता येतो.

बॅटरीला ऊन बाधते

फोनमधील लिथियम-आयन बॅटरीची दोन विद्युतअग्रे, म्हणजे जेथून वीज आत-बाहेर जाते ती टोके, वेगवेगळ्या पदार्थांची असतात. एक ग्रॅफाइटचे आणि दुसरे बहुधा कोबाल्टयुक्त ऑक्साइडचे. त्या दोहोंमध्ये सेंद्रिय द्रावकात विरघळवलेला लिथियमचा क्षार असतो. फोन चार्जिंगला लावला की लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, या द्रावणातून ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात आणि फोन वापरला जात असताना ते उलट दिशेने परततात. सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या या बॅटरीच्या मुळाशी असलेल्या संशोधनाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या मुख्य अभिक्रियेबरोबर काही नको असलेल्या उपअभिक्रियाही सतत चालू असतात. त्यांत थोडे थोडे लिथियम कायमचे अडकून पडत जाते आणि दोन-तीन वर्षांनी ‘चार्जिंग पूर्वीसारखे टिकत नाही’ ही तक्रार सुरू होते.

उपअभिक्रियांना वेग देणाऱ्या दोन गोष्टी आहेत: उष्णता आणि बॅटरी काठोकाठ भरलेली असणे. तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातील ढोबळ नियम बॅटरीलाही बऱ्याच अंशी लागू पडतो. अॅपल कंपनी आपले फोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानाच्या परिसरात वापरावेत असे सांगते, तर कुंडलिकेच्याच खोऱ्यातील भिरा येथील केंद्रावर मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंशांची नोंद झाली होती. उन्हात मोटारसायकलच्या हँडलला लावलेला, बंद गाडीत काचेखाली ठेवलेला किंवा चार्जिंग चालू असताना उशीखाली सरकवलेला फोन याहूनही जास्त तापू शकतो. तापलेला फोन सावलीत, पंख्याखाली ठेवावा, त्याचे जाड कव्हर काढावे आणि तो निवेपर्यंत चार्जिंगला लावू नये. फ्रिजमध्ये ठेवण्याची युक्ती मात्र घातक आहे, कारण थंड झालेल्या फोनवर बाहेर काढताच दव धरते.

बॅटरी पूर्ण उतरवून मगच चार्ज करावी, हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातील आहे. लिथियम-आयन बॅटरीला अर्धेमुर्धे चार्जिंग मानवते, उलट पूर्ण रिकामी आणि पूर्ण भरलेली ही दोन्ही टोके तिला सोसत नाहीत. अलीकडच्या बहुतेक फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची किंवा शेवटचा टप्पा पहाटेपर्यंत लांबवण्याची सोय सेटिंगमधील बॅटरीच्या भागात असते. रात्रभर चार्जिंगला लावणाऱ्यांनी आणि दिवसभर लॅपटॉप प्लगला जोडून काम करणाऱ्यांनी ती अवश्य चालू करावी. वीजबिलाचा विचार येथे गौण आहे, कारण ५,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते आणि चार्जरमधील नासाडी धरली तरी एका युनिटमध्ये असा फोन साधारण ४० वेळा पूर्ण भरतो.

बॅटरी फुगणे ही मात्र धोक्याची खूण आहे. उपअभिक्रियांतून तयार झालेला वायू आत कोंडला गेला की फोनची मागची बाजू किंवा पडदा वर उचलला जातो. असा फोन चार्जिंगला न लावता, न दाबता, न टोचता दुरुस्ती केंद्रात द्यावा. निकामी बॅटरी घंटागाडीत टाकू नये, कारण २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवा चार्जर किंवा पावर बँक घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का हे पाहावे. तो क्रमांक खरा आहे की नाही, हे ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या अॅपवर तपासता येते.

तांदळाचा डबा नको

एकेकाळी भाताचे कोठार म्हणून नावाजलेल्या रायगड जिल्ह्यात भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याचा उपाय हमखास सांगितला जातो. तांदूळ हवेतील थोडे बाष्प शोषतो हे खरे, पण फोनच्या आतील चिपांखाली अडकलेल्या पाण्यापर्यंत त्याचा प्रभाव पोहोचत नाही आणि त्याची भुकटी, कणी उलट चार्जिंगच्या भोकात जाऊन बसते. म्हणूनच अॅपलने आपल्या अधिकृत सूचनांत तांदळाचा वापर करू नये असे स्पष्ट म्हटले आहे.

पाण्याने नेमके काय बिघडते, हे चार्जिंगचे भोक जवळून पाहिल्यास कळते. आजच्या सी प्रकारच्या यूएसबी जोडणीत जेमतेम ८ मिलिमीटर रुंदीत एकूण २४ संपर्कपट्ट्या दोन ओळींत बसवलेल्या असतात आणि एका ओळीतील दोन शेजारच्या पट्ट्यांच्या मध्यरेषांत अवघे अर्धा मिलिमीटर अंतर असते. शुद्ध पाणी विजेचे मंद वाहक आहे. पण क्षार मिसळलेल्या पाण्याचा एक थेंब या पट्ट्यांवर पसरला आणि त्याच वेळी तारेतून ५ व्होल्टचा दाब मिळाला, की तेथे विद्युतअपघटन सुरू होते, म्हणजे विजेच्या जोरावर धातूचे आयन पट्टीवरून सुटून पाण्यात उतरतात आणि हिरवट थर मागे राहतो. यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, फोन भिजल्यावर त्याला वीज देणे हे भिजण्यापेक्षाही जास्त नुकसान करते, त्यामुळे तो ताबडतोब बंद करावा. दुसरा, पाणी कोणते हेही महत्त्वाचे असते. कोलाडला राफ्टिंग करताना कुंडलिकेच्या गोड्या पाण्यात पडलेला फोन वाचण्याची जितकी शक्यता असते, तितकी रेवदंड्याच्या खाडीत खाऱ्या पाण्यात पडलेल्याची नसते.

भिजलेला फोन बंद करून कोरड्या सुती कापडाने पुसावा, सिमकार्डचा कप्पा बाहेर काढावा, भोकाची बाजू खाली धरून तळहातावर हलकेच आपटावा आणि पंख्याच्या वाऱ्यात एक-दोन दिवस तसाच राहू द्यावा. केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा, टाचणी किंवा कापसाची काडी वापरू नये. फोन ‘आयपी ६८’ दर्जाचा आहे म्हणून गाफील राहणेही बरे नव्हे. या आकड्यांपैकी ६ हा धुळीपासूनचे आणि ८ हा पाण्यापासूनचे संरक्षण दर्शवतो, परंतु ही चाचणी नव्या फोनवर आणि संथ, गोड्या पाण्यात घेतली जाते. फोन काही वेळा पडला, अनेक उन्हाळे तापला किंवा एकदा उघडून दुरुस्त केला, की त्याच्या सांध्यांतील चिकट पट्टी पूर्वीसारखी राहत नाही.

पावसात पडदा वेड्यासारखा वागू लागतो, त्याचेही कारण समजण्याजोगे आहे. स्पर्शपडदा बोटामुळे विद्युतधारितेत, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेत, होणारा बदल ओळखतो आणि पाण्याचा थेंबही तसाच बदल घडवत असल्याने फोनला थेंब आणि बोट यांतील फरक कळत नाही. खिशात ठेवण्यापूर्वी पडदा बटणाने बंद केल्यास भलत्याच माणसाला फोन लागण्याचे प्रकार टळतात.

दव, वायू आणि संगणक

पावसाळ्यात कोकणातील हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जितके बाष्प धरू शकते त्याच्या तुलनेत तिच्यात प्रत्यक्ष असलेले बाष्प, वारंवार ९० टक्क्यांच्या आसपास जाते. वातानुकूलित कंट्रोल रूममध्ये थंड झालेला लॅपटॉप अशा हवेत आणला, की त्याच्या थंड पृष्ठभागावर आणि आतील भागांवरही दव जमू शकते. असा संगणक बंद पिशवीतच राहू देऊन, तो बाहेरच्या तापमानाला आल्यावर मग उघडावा आणि चालू करावा. क्वचित वापरला जाणारा कॅमेरा, पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी. रंगीत दाण्यांचे जेल ओलावा भरला की रंग बदलते आणि मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते.

औद्योगिक भागात ओलाव्याला वायूंचीही साथ मिळते. हायड्रोजन सल्फाइडसारख्या वायूच्या अत्यल्प अंशानेही तांबे आणि चांदी काळी पडते, तर क्लोरीनयुक्त वायू दमट हवेत धातूला गंज चढवतात. कारखान्यांच्या कंट्रोल रूमसाठी असलेल्या ‘आयएसए ७१.०४’ या मानकात तांब्याची पट्टी महिनाभर हवेत ठेवून तिच्यावर चढलेल्या थराची जाडी मोजतात. तो थर ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या एक लाख भागांपैकी तीन भागांपेक्षा, पातळ असेल तरच हवा उपकरणांना सौम्य मानली जाते. घरातील संगणकासाठी अशी मोजणी कोणी करत नाही, पण तो उघड्या खिडकीशी न ठेवणे, आतली धूळ वर्षातून एकदा साफ करून घेणे आणि पावसाळ्यात रोज थोडा वेळ चालू ठेवून आतून उबदार राखणे, एवढे सहज जमते. पडदा पुसताना ब्लीच किंवा फिनेलसारखे द्रव वापरू नयेत. बोटांचे तेलकट डाग पडू न देणारा पातळ लेप त्यांनी निघून जातो.

गेटवर फोन का ठेवून घेतात

ज्वालाग्राही द्रावकांच्या विभागात साधा फोन नेण्यास असलेली मनाई अनेकांना जाचक वाटते. आकडे मात्र तिच्या बाजूने बोलतात. टोल्यूइनची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळली असता ती पेटण्यास सुमारे ०.२४ मिलिज्यूल, तर मिथेनॉलच्या वाफेला सुमारे ०.१४ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. पूर्ण चार्ज झालेल्या फोनच्या बॅटरीत सुमारे ६८,००० ज्यूल असतात, म्हणजे फोन हातातून पडून आत शॉर्ट सर्किट झाल्यास या ऊर्जेचा अतिसूक्ष्म अंशही अनर्थास पुरेसा ठरतो. अशा जागांसाठी ‘अंतर्गत सुरक्षित’ फोन मिळतात. त्यांतील मंडलांची रचनाच अशी असते, की बिघाड झाला तरी ठिणगीची ऊर्जा पेट घेण्याच्या मर्यादेखाली राहते. अशा उपकरणांना मान्यता देणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. साध्या फोनला स्फोटरोधक म्हणून विकले जाणारे कव्हर घातल्याने तो अंतर्गत सुरक्षित होत नाही.

रेंज जाते तेव्हा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा जिल्ह्यात हजारो विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत वीज व मोबाइलसेवा अनेक दिवस बंद राहिली. अशा वेळी बॅटरी सर्वांत वेगाने संपते ती रेंज शोधण्यात, कारण टॉवर जितका दूर किंवा क्षीण, तितक्या जास्त शक्तीने फोनला संदेश प्रक्षेपित करावा लागतो. त्यामुळे फोन विमान-मोडवर ठेवून दर तासाला पाच मिनिटे चालू करणे, बोलण्याऐवजी एसएमएस पाठवणे आणि पडद्याचा उजेड कमी करणे, हे उपाय खरोखर उपयोगी पडतात. पावर बँकेवर छापलेला आकडा मात्र सावधपणे वाचावा. १०,००० मिलिअँपिअर-तास हे माप तिच्या आतील ३.७ व्होल्टच्या बॅटरीचे असते. बाहेर ५ व्होल्ट देताना आणि उष्णतेच्या रूपाने ऊर्जा जात असल्याने तिच्यावर ५,००० क्षमतेचा फोन जेमतेम दीड वेळा भरतो. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या एखाद्या कंपनीचे जाळे उपलब्ध असल्यास ११२ हा आपत्कालीन क्रमांक लागू शकतो.

दूरसंचार विभागाने २०२३ मध्ये मोठ्या आवाजात वाजणारे चाचणी संदेश फोनवर पाठवले होते, ते ‘सेल ब्रॉडकास्ट’ पद्धतीचे होते. या पद्धतीत टॉवर आपल्या कक्षेतील सर्व फोनना एकाच वेळी संदेश देतो. त्यासाठी इंटरनेट लागत नाही आणि कोणाचा क्रमांक ठाऊक असण्याचीही गरज नसते. सेटिंगमधील आपत्कालीन सूचनांचा पर्याय त्या वेळी कर्कश आवाजाला वैतागून बंद केला असेल, तर तो पुन्हा चालू करावा. विजांच्या पूर्वसूचनेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ हे अॅप तयार केले असून भातलावणीच्या दिवसांत उघड्या शेतात काम करणाऱ्यांच्या फोनमध्ये ते असायला हवे.

यंत्र गेले तर नवे घेता येते, आतील माहितीचे तसे नसते. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी, हा जगभर मानला जाणारा नियम पूरप्रवण गावांत विशेष मोलाचा आहे, कारण फोन आणि हार्ड डिस्क एकाच कपाटात असतील तर एकाच पुरात दोन्ही जातात. फोटोंची एक प्रत फोनमध्ये, दुसरी हार्ड डिस्कवर आणि तिसरी क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरील साठवणीत, ठेवता येते. डिजिलॉकरमध्ये शासकीय विभागांनी स्वतः दिलेली कागदपत्रे २०१६ च्या नियमांनुसार मूळ प्रतीइतकीच ग्राह्य असतात. मात्र रेंज नसताना ती उघडता येतील याची खात्री नसल्याने त्यांची एक प्रत फोनमध्येही उतरवून घ्यावी.

कोकणात मिरगाआधी आगोटीची बेगमी करण्याची रीत आहे. लाकूडफाटा, सुकी मासळी, कडधान्ये यांची सोय पाऊस लागण्यापूर्वी केली जाते. त्या यादीत आता एका तासाच्या कामाची भर घालावी: फोटोंची आणि कागदपत्रांची प्रत काढणे, आपत्कालीन सूचना चालू करणे, पावर बँक अर्धी-अधिक भरून ठेवणे, चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर आणणे आणि घरातील फुगलेली बॅटरी वेळीच दुरुस्ती केंद्रात देणे. यांपैकी एकाही कामाला पैसे पडत नाहीत, आणि पाऊस सुरू झाल्यावर यांतील निम्मी कामे करता येत नाहीत.