परदेशी निघालेल्या रुग्णाची औषधपेटी

मानखुर्द येथील माझ्या चिकित्सालयात येणारे बहुतेक रुग्ण अंगमेहनतीची कामे करणारे आहेत. वेल्डर, गवंडी, वाहनचालक, नळजोडणीचे कारागीर अशी ही मंडळी. त्यांच्यापैकी काही जण दर वर्षी आखाती देशांत नोकरीसाठी जातात. गेल्या वर्षी महाराष्ट्र नगरातील असाच एक तरुण वेल्डर निरोप घ्यायला आला. दुबईजवळच्या एका कंपनीत दोन वर्षांचा करार, पुढच्या आठवड्यात विमान. ग्रहणीचा जुना रुग्ण. जातिफलादि चूर्णाने त्याला चांगला उपशय मिळाला होता. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तीन महिन्यांचं चूर्ण बांधून द्या. तिकडे कोण देणार?"

मी सवयीने डबा उघडला आणि पुड्या बांधण्यासाठी कागद पुढे ओढला. तेवढ्यात त्याने सहज विचारले, "कस्टमवाले काही म्हणणार नाहीत ना? आईनं अनारसेही दिलेत डबाभर." तेव्हा माझा हात थांबला. जातिफलादि चूर्णात भांग असते आणि अनारशांवर खसखस असते. संयुक्त अरब अमिरातीत दोन्ही वस्तू निषिद्ध आहेत. मी देत असलेल्या पुडीवर तर साधे नावही लिहिलेले नव्हते. वीस वर्षे मी अशाच पुड्या बांधत आलो आहे. त्यांतील किती पुड्या विमानाने गेल्या असतील, याचा विचार त्या दिवशी प्रथमच मनात आला.

वैद्यबंधूंनी व औषधविक्रेत्यांनी या विषयाकडे गांभीर्याने पाहावे, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहे.

आपला कायदा आणि त्यांचा कायदा

आपल्याकडील गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ या कायद्यात गांजाची व्याख्या झाडाच्या फुलोऱ्यापुरती आहे. फुलोरा सोबत नसेल तर पाने व बिया त्या व्याख्येतून वगळल्या आहेत. म्हणूनच राज्यांच्या नियमांच्या चौकटीत भांग उपलब्ध होते व शास्त्रोक्त कल्पांत ती वापरता येते. आपल्या दृष्टीने विजया हे एक दीपन, पाचन, ग्राही द्रव्य आहे.

परंतु हा भेद भारताच्या सीमेपलीकडे टिकत नाही. अमिराती, सौदी अरेबिया, कतार, सिंगापूर या देशांत त्या वनस्पतीचे पान काय आणि फुलोरा काय, दोन्ही सारखेच. तेथील अधिकारी ग्रंथाधार पाहत नाही, प्रयोगशाळेचा अहवाल पाहतो. अमिरातीने २०२१ च्या नव्या कायद्याने काही शिक्षा सौम्य केल्या आहेत, हे खरे. पण अटक, चौकशी आणि हद्दपारी यांपैकी एकही गोष्ट घडली तरी कर्ज काढून निघालेल्या कामगाराचा संसार मोडतो.

खसखशीचेही असेच आहे. अफूच्या बोंडातून निघणाऱ्या या बियांवर मॉर्फिनचा सूक्ष्म अंश राहू शकतो. आपल्या स्वयंपाकघरात ती निरुपद्रवी आहे. अमिराती, सौदी अरेबिया व सिंगापूर येथे मात्र ती नेण्यास मनाई आहे. दुबईच्या विमानतळावर एका प्रवाशाच्या कपड्यांना चिकटलेले खसखशीचे मोजके दाणे सापडल्याने त्याला चार वर्षांची शिक्षा झाल्याचे वृत्त २००८ मध्ये जगभर प्रसिद्ध झाले होते. दिवाळीचा फराळ मुलाला पाठवणाऱ्या प्रत्येक आईला ही गोष्ट माहीत असावयास हवी, आणि ती सांगण्यास तिच्या ओळखीच्या वैद्यापेक्षा योग्य माणूस कोण?

कोणते कल्प देऊ नयेत

भांगयुक्त कल्पांत जातिफलादि चूर्ण, कामेश्वर मोदक, मदनानंद मोदक हे सर्वपरिचित आहेत. अहिफेनयुक्त कल्पांत कर्पूर रस, अहिफेनासव, निद्रोदय रस यांचा विचार करावा. अतिसारासाठी "प्रवासात असू द्या" म्हणून कर्पूर रसाच्या चार गोळ्या देण्याची आपली सवय जुनी आहे. परदेशी जाणाऱ्याच्या बाबतीत ती सोडून द्यावी.

भांग व अहिफेन वगळल्याने प्रश्न संपत नाही. माझ्या त्या रुग्णासाठी मला प्रथम कुटजारिष्ट सुचले. पण आसव-अरिष्टांत स्वयंनिर्मित मद्यार्क असतो आणि तसे लेबलावर छापलेलेही असते. सौदी अरेबिया, कुवेत यांसारख्या मद्यबंदीच्या देशांत अशी बाटली अडचणीची ठरते. म्हणून आखातासाठी चूर्ण, वटी वा घनवटी हेच रूप निवडावे.

सोमकल्प, म्हणजे इफेड्रा वर्गातील वनस्पती, श्वासाच्या काही पाठांत वापरली जाते. अमेरिकेने २००४ मध्ये इफेड्रिनयुक्त पूरक आहारांवर बंदी घातली. जपानमध्ये याच कुळातील द्रव्यांबाबत उत्तेजक पदार्थांच्या कायद्याखाली कडक नियम आहेत. कनकासवात धत्तूर आहे, हेही विसरू नये.

काही वनस्पतींच्या बाबतीत अडथळा अंमली पदार्थांचा नसून वन्यजीव व्यापाराचा आहे. कुष्ठ ही वनस्पती संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. जटामांसी, कुटकी, सर्पगंधा दुसऱ्या परिशिष्टात आहेत. यांची सुटी मुळे, काष्ठौषधींचे गठ्ठे प्रवाशाबरोबर देऊ नयेत. ऑस्ट्रेलियात तर वनस्पतिजन्य प्रत्येक वस्तू उतरतानाच्या अर्जावर जाहीर करावी लागते. ती लपवणे हाच तेथे दंडनीय अपराध आहे.

रसौषधींचा प्रश्न

२००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतील १४ उत्पादनांत शिसे, पारा वा सोमल आढळले. त्या अभ्यासावर आपल्या वर्गात पुष्कळ वाद झाले. शोधन-मारणाचा विचार त्यात झाला नाही, हा आपला आक्षेप होता व तो अनाठायी नाही. परंतु परिणाम व्हायचा तो झालाच. भारत सरकारने २००५ मध्ये आदेश काढला आणि १ जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या वनौषधी कल्पांसाठी जड धातूंची चाचणी अनिवार्य केली.

हा आदेश निर्यातदारांसाठी होता. रुग्णाच्या पिशवीतून जाणाऱ्या त्रिभुवनकीर्ती किंवा आरोग्यवर्धिनीला अशी चाचणी कोणी विचारत नाही. त्रिभुवनकीर्तीत हिंगुळ व वत्सनाभ आहेत, आरोग्यवर्धिनीत कज्जली आहे. परदेशात अशा रुग्णाच्या रक्ततपासणीत पारा आढळला, तर तेथील वैद्यकाला सांगण्यासाठी त्याच्याजवळ काय असते? बहुधा "गावच्या डॉक्टरांची गोळी" एवढेच. ज्या रसौषधींवर आपली श्रद्धा आहे त्यांची अपकीर्ती अशानेच होते. परदेशी मुक्कामात वैद्याची देखरेख नसते. म्हणून तेथे रसकल्प न देणे हा विवेकाचा भाग आहे, आयुर्वेदाचा कमीपणा नव्हे.

पुडी की बंद डबी

औषधिद्रव्ये व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाच्या कलम ३३ ईईसी मध्ये वैद्य-हकिमांना एक मोलाची सवलत आहे. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्याला त्या कलमाची बंधने लागू होत नाहीत. आपली पुडी या सवलतीवर उभी आहे. तथापि ही सवलत भारतीय कायद्याची आहे. परक्या विमानतळावर नाव नसलेली करडी-तपकिरी भुकटी म्हणजे केवळ संशयास्पद भुकटी होय.

याउलट परवानाधारक उत्पादकाच्या डबीवर नियम १६१ प्रमाणे घटकद्रव्यांची यादी व प्रमाण, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व उत्पादनाची तारीख असते. अनुसूची ई (१) मधील विषद्रव्य असल्यास वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा असतो. हा छापील मजकूर परक्या मुलखात रुग्णाच्या बाजूने बोलतो. म्हणून प्रवाशास पुडी नको, मूळ बंद डबीच द्यावी. गोळ्या काढून प्लास्टिकच्या डबीत एकत्र भरू नयेत, हेही त्याला बजावून सांगावे.

औषधपत्र कसे असावे

परदेशी जाणाऱ्या रुग्णास इंग्रजीत, शक्यतो टंकलिखित औषधपत्र द्यावे. त्यात पुढील बाबी असाव्यात.

१. पारपत्रावर आहे तसेच रुग्णाचे पूर्ण नाव व वय.
२. व्याधीचे नाव. केवळ "ग्रहणी" न लिहिता आधुनिक वैद्यकातील समकक्ष संज्ञाही लिहावी.
३. कल्पाचे नाव व प्रत्येक घटकाचे वनस्पतिशास्त्रीय नाव.
४. मात्रा, दिवस व एकूण परिमाण. मात्रा गुणिले दिवस यांचा मेळ डबीतील वजनाशी बसला पाहिजे.
५. वैद्याचे नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, दूरध्वनी, दिनांक, स्वाक्षरी व शिक्का.

वनस्पतिशास्त्रीय नाव लिहिताना एक सावधगिरी. अतिविषा निर्विष आहे, पण तिचे नाव ॲकोनिटम हेटरोफायलम असे आहे. वत्सनाभही ॲकोनिटमच. नाव वाचणाऱ्याला दोहोंतील फरक ठाऊक असेलच असे नाही. पर्याय असल्यास असा घटक टाळावा.

परिमाणाचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. जपानमध्ये औषधपत्रावरील सामान्य औषध एक महिन्यापुरते नेता येते, अधिक असल्यास आधी प्रमाणपत्र घ्यावे लागते. सिंगापूर व ऑस्ट्रेलिया येथे साधारणपणे तीन महिन्यांची मर्यादा आहे. अमिरातीत नियंत्रित औषधांसाठी प्रवासापूर्वी ऑनलाइन अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. हे नियम बदलत असतात. म्हणून तिकीट निघताच त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करून घेण्यास रुग्णास सांगावे. शिक्षण कमी असेल तर हे काम त्याच्यासमोर बसून आपणच करून द्यावे, दहा मिनिटे लागतात.

औषधविक्रेत्यांसाठी

आपल्याकडे आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस परवाना लागत नाही, त्यामुळे बिलाचा आग्रहही कोणी धरत नाही. प्रवाशास मात्र कल्पाचे पूर्ण नाव, बॅच क्रमांक व परिमाण लिहिलेले बिल अवश्य द्यावे.

ज्या दुकानांत ॲलोपॅथीची औषधेही आहेत, त्यांची जबाबदारी अधिक आहे. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम, डायझेपाम ही औषधे मार्च २०१४ पासून आपल्याकडे अनुसूची एच-१ मध्ये आहेत. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल १९८५ च्या अधिनियमाखालीही आणले गेले. आखातात ही सर्व नियंत्रित आहेत. इजिप्तमध्ये २०१७ साली एका ब्रिटिश पर्यटक महिलेला सुमारे २९० ट्रामाडॉल गोळ्यांबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली. त्या आपल्या जोडीदाराच्या पाठदुखीसाठी नेल्याचे तिचे म्हणणे होते. पाठदुखीची गोळी मागणाऱ्या ओझेवाल्या कामगारास "बाहेरगावी जाणार का?" एवढा एक प्रश्न विचारण्यास काहीच खर्च येत नाही.

दुसऱ्याचे पाकीट

आपल्या वस्त्यांत आणखी एक प्रथा आहे. कोणी आखातात निघाला की शेजारी त्याच्या हाती तेलाची बाटली, चूर्ण, काढ्याची पुडी देतात: "माझ्या भावाला दे." येथे मुंबईच्याच एका दांपत्याचा अनुभव ध्यानी घ्यावा. २०१९ मध्ये कतारच्या दोहा विमानतळावर त्यांच्या सामानात चार किलोंहून अधिक चरस सापडला. ते पाकीट एका नातलगाने दिलेले होते व आत काय आहे याची त्यांना कल्पना नव्हती. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. पत्नी गर्भवती होती, कन्येचा जन्म तुरुंगवासातच झाला. भारतातील तपासानंतर ते निर्दोष ठरले व एप्रिल २०२१ मध्ये परतले. निर्दोषत्व सिद्ध होण्यास पावणेदोन वर्षे लागली. म्हणून एकाच्या नावाचे औषध दुसऱ्याच्या हाती देऊ नये, आणि "अमक्याबरोबर पाठवतो" म्हणणाऱ्यास आपण औषध बांधूनही देऊ नये.

उपसंहार

चरकाचार्यांनी चिकित्सेपूर्वी परीक्षण करावयाच्या दहा गोष्टींत देशाचा समावेश केला आहे. रुग्ण जेथे जन्मला, वाढला, आजारी पडला ती भूमी वैद्याने जाणावी, असा त्याचा आशय. आज रुग्ण ज्या भूमीत जाणार आहे तीही जाणून घ्यावी लागेल, आणि तेथील हवापाण्याबरोबर कायदाही.

त्या वेल्डरला मी जातिफलादि चूर्ण दिले नाही. बिल्व, मुस्ता व शुंठी असलेले चूर्ण बंद डबीत एक महिन्यापुरते दिले, वर सांगितल्याप्रमाणे औषधपत्र दिले आणि जेवणानंतर ताजे ताक, वेळेवर आहार, तिखट-तळलेले वर्ज्य ही पथ्ये लिहून दिली. अमिरातीत परवानाधारक आयुर्वेद चिकित्सालये आहेत. पुढील औषध तेथूनच घ्यावे, असे सांगितले. अनारसे त्याच्या आईने घरीच ठेवून घेतले. थोडी नाराज झाली, पण कारण समजल्यावर तिने बेसनाचे लाडू करून दिले.

पोहोचल्यावर त्याचा फोन आला. विमानतळावर कोणी पेटी उघडलीच नाही, असे तो हसत म्हणाला. मी त्याला तो कागद जपून ठेवण्यास सांगितले, परतीच्या प्रवासातही आणि पुढच्या वेळीही. तेव्हापासून माझ्या नोंदवहीत रुग्णाच्या नावापुढे एक रकाना वाढला आहे: "परदेशगमन, होय वा नाही". वैद्यबंधूंनी आपापल्या नोंदवहीत तो घालावा, अशी नम्र विनंती आहे.