नानकटाई घरची, पण चहा केव्हाचा?

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी आली की पूर्वी घरचे पीठ, तूप आणि पिठीसाखर डब्यात भरून बेकरीत न्यायची पद्धत होती. भट्टीवाला नानकटाई भाजून द्यायचा आणि पत्र्याचा तो डबा पाहुण्यांपासून व मुलांपासून लपवावा लागायचा! आता भट्टीचे काम घरातला कुकर करतो. अलीकडे पिठात चहाची पूड घालून केलेली नानकटाईही काही घरांत होऊ लागली आहे. चवीला ती खरोखर छान लागते. मात्र दवाखान्यात हमखास प्रश्न येतो, "डॉक्टरसाहेब, घरी केलीय, मैदा नाही, डालडा नाही. मग खायला हरकत नाही ना?"

आधी घरच्या नानकटाईची बाजू घेतो. वनस्पती तूप म्हणजे तेलात हायड्रोजन वायू सोडून घट्ट केलेला स्निग्ध पदार्थ. या प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होते. ते रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले कमी करते, म्हणजे हृदयाला दोन्हीकडून मार. आपल्या देशात १ जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात ट्रान्स फॅट २ टक्क्यांहून जास्त असू नये असा नियम आहे. पण सुट्या विकल्या जाणाऱ्या बिस्किटांत नेमके कोणते फॅट पडले, हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. घरी निदान काय घातले ते ठाऊक असते.

आता हिशोब करू. २०० ग्रॅम पीठ, १०० ग्रॅम तूप आणि १०० ग्रॅम पिठीसाखर घेतली तर साधारण २० नानकटाया होतात. म्हणजे एकीत ५ ग्रॅम तूप, ५ ग्रॅम साखर आणि सुमारे १०० कॅलरी. अर्ध्या भाकरीइतक्या! चार खाल्ल्या तर दोन भाकरी झाल्या, आणि जेवण तर अजून व्हायचेच आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली उत्तम. चार नानकटायांत २० ग्रॅम संपते, आणि कपातली साखर अजून धरलेलीच नाही. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून मधुमेहाच्या रुग्णाला सूट मिळत नाही, आणि साजूक तूप झाले तरी ते तूपच.

पिठातल्या चहाने झोप उडेल का, मुलांना चालेल का, असेही विचारतात. एक चमचा, म्हणजे अंदाजे २ ग्रॅम चहा पुडीत ६० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन असते. ते २० नानकटायांत वाटले गेले की एकीत ३ मिलिग्रॅम येते. कपभर चहातून याच्या दहापट किंवा त्याहून अधिक जाते. तेव्हा त्याची चिंता नको. काळजी घ्यायची ती पुडीच्या शुद्धतेची, कारण चहा आपण गाळून पितो, इथे मात्र पूड पोटात जाते. टिपकागदावर चिमूटभर पूड टाकून पाण्याचे चार थेंब सोडावेत आणि थोड्या वेळाने कागद नळाखाली धुवावा. रंगाचे ठळक डाग राहिले तर ती पूड घेऊ नये.

याहून बरा उपाय माझ्या घरात रुळला आहे. तूप कोमट करून त्यात पूड दहा-पंधरा मिनिटे ठेवायची आणि गाळून घ्यायची. स्वाद तुपात उतरतो, पूड बाहेर राहते. तूप पुन्हा थिजू द्यावे, पिठीसाखर घालून हलके होईपर्यंत फेटावे आणि वेलदोडा घालावा. पीठ अर्धे गव्हाचे आणि अर्धे नागलीचे. निव्वळ नागलीची नानकटाई हातात भुगा होते, कारण नागलीत चिकटपणा नसतो. कुकरची रिंग आणि शिटी काढून, तळाशी मीठ किंवा वाळू पसरून, पाणी न घालता दहा मिनिटे तापवावे. मग आत ताटली ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे भाजावे. गरम असताना मऊ लागते म्हणून आणखी भाजत बसू नये, निवल्यावर ती आपोआप खुसखुशीत होते.

नागली आपल्या पश्चिम पट्ट्याची, कनाशी-सुरगाण्याकडची. तिच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि थोडे लोहही. इथेच चहाचा खरा घोळ सुरू होतो.

चहातील टॅनिनसारखी द्रव्ये धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतल्या लोहाला धरून ठेवतात. जेवणासोबत कपभर चहा घेतला तर या लोहाचे शोषण निम्म्याहून अधिक घटू शकते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरांपैकी ५४ स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ६९ च्या घरात होते. याला एकटा चहा जबाबदार नाही हे खरे. पण पानात मुळात लोह कमी, त्यावर भाकरी खाऊन उठताच चहा, हा प्रकार मला रोज ऐकायला मिळतो. कांद्याच्या लागवडीला निघालेली बाई सकाळी चहा-बिस्किटावर निघते, आणि तपासणीत हिमोग्लोबिन आठ निघाले की तिलाच आश्चर्य वाटते. तान्ह्या मुलाला चहात बुडवून बिस्किट भरवणे तर पूर्ण बंदच करा. त्याचे पोट त्यावर भरते आणि मग वरणभात, भाजी, अंडे नको होते.

चहा आणि जेवण यांत दोन्ही बाजूंनी किमान तासाभराचे अंतर ठेवा. चहा-नानकटाई दुपारी चारच्या सुमारास, एक किंवा दोन. जेवणात लिंबू पिळा, नंतर आवळा किंवा पेरू खा, त्याने लोह चांगले मुरते.

गरोदरपणात मिळणारी लोहाची लाल गोळी, किंवा शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी, चहा वा दुधासोबत घेऊ नका. पाण्याबरोबर, जेवणानंतर तासाभराने घ्या. कॅल्शियमची गोळी सुरू असेल तर दोन्हींत दोन तास जाऊ द्या. शौचाला काळे होते म्हणून गोळी बंद करू नका, ते लोहाचेच लक्षण आहे. आणि दोन महिने नियमित गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, विशेषतः अंग दुखते, डोळे पिवळे दिसतात असे असेल, तर सिकलसेलची तपासणी करून घ्या. आपल्या आदिवासी भागात हा आजार आढळतो आणि सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी होते. जाताना जुने रक्ताचे रिपोर्ट सोबत न्या.